उजव्या हाताने लावलेली रोपं

झटका आला तेव्हा मी कापायच्या टेबलाशी उभी होते. एका ब्लाऊजच्या बाह्या कापायच्या राहिल्या होत्या. खडूने रेघ मारता मारता खडू हातातून सुटला. तो घ्यायला वाकले तर उजवा हात पुढे जाईचना. मिस्टरांना हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसता आवाज बाहेर आला, शब्द आलाच नाही. पुढचं मला धड आठवत नाही. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पाय थोडाफार चालू झाला होता, तोंड एका बाजूला ओढलेलं होतं आणि उजवा हात दुसऱ्या कुणाचा तरी माझ्या मांडीवर आणून ठेवल्यासारखा पडून असायचा.

पंचवटीत मखमलाबाद नाक्यापासून आत आमची इमारत आहे, दुसऱ्या मजल्यावर घर. पुढच्या खोलीत माझं शिवणकाम. लग्न होऊन आले तेव्हापासून मी बायकांचे ब्लाऊज शिवत आले. पाठीचा गळा कुठे थांबवायचा, बाही दंडावर कुठे संपवायची, हे मला अंगाकडे एकदा बघितलं की कळायचं. मिस्टर कळवणच्या गाडीवर कंडक्टर, सकाळी जायचे ते संध्याकाळी उगवायचे. लेक नुकतीच बाळंत झालेली, तिला कसं बोलावणार? म्हणून दिंडोरीकडच्या आमच्या गावाहून माझी थोरली जाऊ आली.

जाऊ आणि मी कधी भांडलो नव्हतो, पण जवळही आलो नव्हतो. दिवाळीला आणि लग्नाकार्याला भेटायचो. ती मोठ्याने बोलायची, मोठ्याने हसायची, जेवण झालं की मोठ्याने ढेकर द्यायची. तिच्यासमोर मी जरा आवरून सावरूनच असायची. आणि आता रोज सकाळी तीच मला न्हाणीघरात प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून माझे कपडे उतरवू लागली.

मी डोळे मिटून घ्यायची. आजवर माझ्या पुढ्यात कितीतरी बायका मापं द्यायला उभ्या राहिल्या होत्या. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाच्या पाठीवर भाजल्याचा डाग, कुणाला एकच स्तन उरलेला. टेप लावताना मी मुद्दाम खिडकीकडे बघत काहीतरी भाजीपाल्याचं, पाऊसपाण्याचं बोलायची, म्हणजे समोरचीला अवघड वाटायचं नाही. जावेचं तसं नव्हतं. ती सरळ बघायची, काखेत साबण लावताना हात वर धरून बघायची.

"लाजतीस काय?" ती म्हणायची. "सासूबाईंचं समदं मीच केलं ना? माणसाचं अंग सारखंच हाय."

मला सांगायचं होतं की सारखं नसतं, मी जन्मभर तेच तर मोजत आले. पण जीभ एवढं लांब वाक्य उचलत नव्हती. संध्याकाळी मिस्टर घरात पाऊल टाकायचे आणि ही स्वयंपाकघरातून सांगायची, "भाऊजी, आज पोट साफ झालं बरं का तिचं." मिस्टर चहाच्या कपात बघत "बरं" म्हणायचे. मी भिंतीकडे तोंड फिरवायची.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. बोलायला गोड होती. तिने एका वाटीत राजमा घातला आणि दुसरी रिकामी वाटी शेजारी ठेवली. "काकू, एकेक दाणा उजव्या हाताने उचलून इकडे टाकायचा. जमलं की मूग घेऊ." राजमा दोन बोटांच्या मधून निसटून कॉटखाली जायचा. जाऊ वाकून गोळा करायची. मला तो खेळ लहान पोरांचा वाटायचा, आणि तोही मला जमत नव्हता.

एकदा जाऊ माझ्या शेजारी बसून भाजीला टोमॅटो चिरत होती. ताटाच्या कडेला रस आणि बिया सांडल्या होत्या. माझा हात तिथे नुसताच पडला होता. थोड्या वेळाने बघितलं तर पहिल्या बोटाच्या टोकाला एक बी चिकटलेलं. मी हात उचलला, बी पडलं नाही. वाटीपर्यंत नेला, तरी पडलं नाही. मी काही ते धरलं नव्हतं, त्यानेच मला धरलं होतं. पण इतक्या आठवड्यांत त्या हाताने इकडून तिकडे नेलेली ती पहिली वस्तू होती.

जावेने बघितलं. "लाव की मग ते," ती म्हणाली.

"कसं?" हा शब्द मला नीट यायचा.

"मला काय ठावं? आमच्याकडं रोपं नर्सरीतून येत्यात, ट्रेमधी भरून. वावरात इतका टमाटा, पण बी पेरलेलं मी कंदी बघितलं नाय." आणि ती मोठ्याने हसली.

मग दोघींनी मनाला येईल तसं केलं. एक पिकलेला टोमॅटो वर्तमानपत्रावर पिळला. दुसऱ्या दिवशी बिया वाळून कागदाला अशा चिकटल्या की निघेनात, तेव्हा कागदच फाडून बारीक तुकडे केले. मिस्टरांनी नर्सरीतून खत घातलेली माती आणली आणि चहाच्या टपरीवरून कागदी कप आणले. कपाच्या बुडाला भोकं जावेने पाडली. प्रत्येक कपात बीचा कागद ठेवून बोटाने आत दाबायचा, हे काम माझं. बोट मातीत जायचं पण परत यायला विसरायचं. एकेक कप कलंडायचा. अख्खी सकाळ त्यात गेली. संपलं तेव्हा माझं परकर-पोलकं मातीने भरलं होतं, आणि तेही जाऊच धुणार होती.

राजमा वाटीत टाकायचं मी सोडून दिलं. व्यायामाची मुलगी म्हणाली, "चालेल काकू, हेच करा." उठले की मी पाय ओढत गॅलरीत जायची. एका सकाळी मातीला तडा दिसला, आणि दुपारी त्यातून हुकासारखं वाकलेलं हिरवं काहीतरी वर आलं. संध्याकाळपर्यंत ते सरळ झालं. टोकाला दोन चिंचोळी पानं, एकावर बीचं टरफल अजून टोपीसारखं अडकलेलं. मी जावेला हाक मारली. हाक कसली, घशातून आलेला आवाजच तो. ती हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली, तिला वाटलं मी पडले.

ती पहिली रोपं मीच मारली. उजव्या हाताने पाणी घालायचा हट्ट होता. तांब्या थरथरायचा आणि सगळं पाणी एकाच कपात ओतलं जायचं. रोपं कठड्याकडच्या उजेडाकडे वाकून लांबट, दोऱ्यासारखी झाली. एक दिवस ती मातीलगत काळी पडली आणि सगळ्यांनी माना टाकल्या. मी रडले. रोपांसाठी रडणारी, तोंड वाकडं झालेली बाई कशी दिसत असेल, हे रडतानाच माझ्या मनात येत होतं. जावेने काही समजूत घातली नाही. तिने बाजारातला दुसरा टोमॅटो आणला आणि माझ्यापुढे ठेवला. या वेळी आम्ही बिया पाण्यात चोळून ताटलीत वाळवल्या, कप गॅलरीच्या कठड्याजवळ उन्हात ठेवले, आणि तांब्याऐवजी मी चमचा घेतला.

घरी भेटायला येणाऱ्यांना मिस्टर दारातूनच परत पाठवायचे. "झोपलीय ती," असं हळू आवाजात सांगायचे. मी जागी असायची. पण ते ड्युटीवर असताना दाराला कोण उभं राहणार? एका दुपारी बेल वाजली आणि जावेने दार सताड उघडलं. माझी जुनी गिऱ्हाईक होती, एका शाळेत शिकवणारी बाई. तिच्या लग्नाआधीपासून तिचे सगळे ब्लाऊज मीच शिवलेले. ती सरळ गॅलरीपर्यंत आली. मी रोपांपुढे बसले होते.

"कशा आहात ताई?" तिने विचारलं.

मी मान हलवली. तिचं कापड कपाटात पडून होतं, ते मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. मला म्हणायचं होतं, तुमचा ब्लाऊज राहिला, कपाटात आहे. मी शब्द जुळवले आणि म्हणाले, "तुमचा टोमॅटो कपाटात आहे."

मी ते माझ्या कानांनी ऐकलं. ती हसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "हो, हो. काही घाई नाही."

"नाही," मी म्हणाले. "टोमॅटो." पुन्हा दम घेतला. "तुमचा टोमॅटो." शब्द समोर दिसत होता, ब्लाऊज, त्याचा गळासुद्धा दिसत होता. तोंडातून मात्र तेच यायचं. वाकड्या बाजूने लाळ ओघळली. जावेने पदराने ती पुसली, पोराचं नाक पुसावं तशी, आणि म्हणाली, "कापड म्हणतीय ती तुमचं." आणि कपाट उघडून पिशवी काढून दिली.

बाईने पिशवी घेतली. जाताना ती वाकून, मला ऐकू येत नसावं तशी, एकेक शब्द सुटा करून मोठ्याने बोलली, "बरं. वाटलं. की. मग. शिवा. हं." दार लागल्यावर मी खाली माझ्या अंगाकडे बघितलं. सकाळी जावेने हुक एक घर सोडून लावले होते. ब्लाऊजची एक बाजू वर, एक खाली, मधे फट. इतकी वर्षं त्या बाईला चापूनचोपून बसणारे ब्लाऊज शिवून देणारी मी तिच्यासमोर अशी बसले होते.

त्यानंतर मी गॅलरीत जाणं बंद केलं. व्यायामाची मुलगी आली की झोपल्याचं सोंग घ्यायची. जेवणही भिंतीकडे तोंड करून.

"रोपं सुकत्याल," जाऊ म्हणाली.

"सुकू दे." हे मात्र अगदी स्वच्छ आलं.

तिला राग आला असावा, कारण तिनेही पाणी घातलं नाही. "तुझी हायेत, तू बघ," म्हणून ती आत गेली. मला वाटलं झालं आता. पण संध्याकाळी पडद्याच्या फटीतून बघितलं तर मिस्टर खाकी कपड्यांतच गॅलरीत उकिडवे बसलेले. पाण्याची बादली शेजारी, हातात माझा चमचा. एका कपाला पाणी, पुढच्या कपाला पाणी, पुढे सरकायचं, पुन्हा पाणी. गाडीत तिकिटं देत पुढे सरकतात तसे. पुढे त्यांनीच रोपं कपातून काढून रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावली. मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्या दिवसांत मी त्यांना एकदाच विचारलं. जाऊ खाली दूध आणायला गेली होती. शब्द गोळा करायला वेळ लागला. "तुम्हाला. माझी. लाज वाटते?"

ते बूट काढत होते, तसेच थांबले. मला वाटलं, नाही म्हणतील आणि विषय संपवतील. ते म्हणाले, "वाटते."

मग दुसरा बूट काढला आणि कॉटच्या कडेला येऊन बसले. "दवाखान्यात तू माझ्याकडे बघितलंस आणि तुझ्या तोंडातून लाळ आली. मी पहिल्यांदा इकडेतिकडे बघितलं, कुणी बघतंय का. तुला पुसायच्या आधी. अजून तेच होतं. म्हणून लोकांना सांगतो झोपलीय. तू नीटनेटकी राहणारी. तुला तसं कुणी बघितलेलं मला बघवत नाही." मग म्हणाले, "ही लाज असेल तर आहे बाबा."

मी रडेन असं वाटलं होतं, पण नाही रडले. घरात लाज वाटणारी मी एकटी नाही, हे ऐकून जरा बसायला जागा मिळाल्यासारखं झालं. मग मी हुक दाखवले. त्यांनी ते काढून नीट लावले, वरून खाली, एकेक. कंडक्टरचे हात, जाड, पण चुकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत गेले. रोपं गुडघ्याएवढी झाली होती. पानांचा तो उग्र वास हाताला लागला की साबणानेही लवकर जात नाही. मिस्टरांनी काठ्या रोवून रोपं सुतळीने बांधली होती, आणि काय ती बांधलेली! गाठीवर गाठ, इतकी आवळलेली की खोडाला खाच पडली होती. माझ्याच्याने बघवेना.

"असं कुणी बांधतं का?" मी म्हणाले.

जाऊ आतून आली. "काय म्हणलीस?"

"असं कुणी बांधतं का?" मी पुन्हा म्हणाले, आणि मग दोघींच्याही लक्षात आलं की पूर्ण वाक्य आलं होतं, एकही शब्द न चुकता.

ती सुतळी सोडवायला मला किती वेळ लागला ते सांगण्यासारखं नाही. डाव्या हाताने काठी धरायची, उजव्याचं नख गाठीत घालायचं, नख बाहेर यायचं, पुन्हा घालायचं. मग शिवणकामाच्या चिंध्यांची पिशवी मागितली. अस्तराच्या मऊ पट्ट्या काढल्या. पट्टीचं एक टोक दातात, एक हातात, अशी सैल गाठ मारली, खोड आत हलू शकेल अशी. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई बघत होती. दातात चिंधी धरलेलं माझं वाकडं तोंड तिला दिसत होतं. मी तोंड लपवायला आत पळावं इतका पाय चांगला नव्हता. म्हणून गाठ पूर्ण केली.

दिवाळी झाली तशी जाऊ परत जायला निघाली. घरी तोडणी सुरू झाली होती, माणसं मिळत नव्हती. न्हाणीघरात मी एव्हाना एकटी जायला लागले होते, ती दाराबाहेर उभी राहायची. जायच्या दिवशी तिने माझी वेणी घातली. मी कितीतरी बोलायचं ठरवलं होतं. म्हणाले, "ताई, तुम्ही खूप केलंत."

"केलं की," ती म्हणाली. "तू नसतं केलं का?"

मला उत्तर आलं नाही, आणि ते जिभेमुळे नव्हतं. ती रिक्षात बसेपर्यंत मी गॅलरीतून बघत राहिले. रिक्षा वळली आणि मला एकदम हलकं वाटलं. माझं अंग आता मला सोडून कुणी बघणार नव्हतं. जिने माझी घाण काढली ती गेल्याचा आनंद झाला, याची जी लाज वाटली, ती स्टुलावर बसताना वाटायची तिच्यापेक्षा मोठी होती. ती अजून आहे. फोनवर ती "काय गं, टमाटे कसे हायेत?" असं विचारते तेव्हा मी जास्तच मोठ्याने, जास्तच आनंदाने बोलते.

टोमॅटो आले, पण फार नाही. काहींचं बूड काळं पडलं, काही चिमण्यांनी फोडले. चांगले निघाले त्यांतला एक मी उन्हात उभी राहून मीठ लावून खाल्ला. रस हनुवटीवरून पोलक्यापर्यंत गेला. घरात कुणी नव्हतं, म्हणून सावकाश खाल्ला. त्यातल्या बिया ताटलीत वाळवून पुन्हा कप भरले. या वेळी बोट मातीतून आपण होऊन परत यायचं, निदान बहुतेक वेळा.

संक्रांत आली. दरवर्षी मी इमारतीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायची आणि वाण म्हणून स्वतः शिवलेली छोटी पर्स द्यायची. मिस्टर म्हणाले, "या वर्षी राहू दे की." त्यांचा चेहरा बघून कळलं की कशासाठी म्हणतात. मी म्हणाले, "बोलवा. रोपं वाटू."

"आणि कुंकू?"

कुंकवाचा विचार मी केला नव्हता. वाण कुणीही हातात देईल. कुंकू लावायला यजमानीणच लागते, आणि तेही उजव्या हाताने. डाव्या हाताने कुंकू लावलेलं कुणाला चालणार होतं? मी आरशासमोर स्वतःच्या कपाळावर करून बघितलं. टिकली लावायच्या जागी भुवईपर्यंत लाल फराटा उमटला. तरी मी "बोलवा" हेच धरून बसले. का, ते मला सांगता येणार नाही.

बायका आल्या. छान साड्या, काहींच्या अंगावर माझेच ब्लाऊज. घरात त्यांचा आवाज भरला आणि मी पाट ओलांडून पुढे झाले तसा तो कमी झाला. पहिलीच्या कपाळापर्यंत हात नेला. तो मध्येच थांबून थरथरायला लागला. ती वाट बघत उभी राहिली, डोळे मिटून. शेवटी बोट टेकलं आणि खाली सरकलं. नाकाच्या शेंड्यावर कुंकू. कुणीतरी खोकलं. मी पदर पुढे केला, ती म्हणाली, "असू दे, असू दे." दुसरीने खाली वाकून कपाळच माझ्या बोटापर्यंत आणलं. हळद तर काहींच्या गालावर गेली. माझे कान तापले होते, ब्लाऊज पाठीला चिकटला होता. एकेकीपुढे जायचं आणि प्रत्येकीच्या तोंडावर आपल्या हाताची अवस्था ठेवून यायची, असं ते चाललं होतं. मिस्टर दारात रोपांच्या कपांचा ट्रे घेऊन उभे होते. मी शेवटच्या बाईपर्यंत गेले.

"हे कशाचं रोप?" एकीने विचारलं.

"टोमॅटोचं," मी म्हणाले. आणि आज तो शब्द बरोबर होता.

त्या गेल्यावर मी गॅलरीत येऊन उभी राहिले. खाली फाटकाशी त्या घोळक्याने थांबल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात कागदी कप. एकीने मोबाईल तोंडापुढे धरून रुमालाने कपाळ पुसलं आणि पर्समधली टिकली काढून लावली. दुसरीनेही तिच्याकडून रुमाल घेतला. मला वाईट वाटलं, पण त्यांच्या जागी मी असते तर जिन्यातच पुसलं असतं. बाकीच्या तशाच गेल्या, नाकावर, भुवयांवर लाल डाग घेऊन बोलत बोलत रस्त्याला लागल्या. एकीने चालता चालता कप तोंडाजवळ नेऊन पानांचा वास घेतला आणि नाक मुरडलं.

आत मिस्टर सांडलेलं कुंकू फडक्याने पुसत होते. मी म्हणाले, "राहू द्या. मी पुसते."

ते फडकं माझ्या हातात देऊन बाजूला झाले.